शंभर होन घ्या आणि सुरू व्हा

सोलापुरात सात रस्त्यापाशी कुणाच्या तरी गच्चीवर चार मित्र जमवून शिवकाळातला रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन फाशांच्या जोरावर गोष्ट पुढे न्यायचा खेळ, चालवायचा, असं तुम्ही ठरवलंच असेल तर अभिनंदन. नकाशा काढून झालाय, भुईकोटाचा किल्लेदार विजापूरचा दाखवायचा की औरंगजेबाचा हा वाद मिटलाय, वीस बाजूंचे फासेही कुरिअरने आलेत. राहिली ती किरकोळ बाब: वस्तूंचे भाव आणि प्रत्येकाचे सुरुवातीचे पैसे. चहा उकळेपर्यंत उरकेल.

इतिहासाच्या वाटेला मुळीच जाऊ नका. इंग्रजी नियमपुस्तकातली यादी समोर घ्या. ‘सोन्याचं नाणं’ दिसेल तिथे ‘होन’ लिहा, चांदीचं तिथे ‘रुपया’, तांब्याचं तिथे ‘शिवराई’. दहा तांब्याचं एक चांदीचं, दहा चांदीचं एक सोन्याचं, हा हिशेब तसाच ठेवा. आपल्या पूर्वजांना दहाचा पाढा आवडत असणारच. पैसे वाटायची पद्धतही तयार आहे. १९७४ सालच्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून चालत आलेली: सहा बाजूंचे तीन फासे टाका, बेरजेला दहाने गुणा. राज्याभिषेकाला बरोबर तीनशे वर्षं झाली त्याच साली हा खेळ निघाला, एवढा ऐतिहासिक आधार कुणालाही पुरावा.

सरासरी १०५ येतात. म्हणजे मोहोळकडचा, दोन वर्षं पाऊस न पाहिलेला, घरचा एक बैल मेलेला कुणब्याचा पोरगा कमरेला १०५ सोन्याचे होन बांधून तुमच्या कथेत शिरतो. आता तो भुताच्या गढीत कशाला मरायला जाईल? जमीन घेईल, विहीर खणेल, उरलेले व्याजाने लावेल. एखादा आगाऊ खेळाडू हे बोलून दाखवेलच. त्याला ठामपणे सांगा की जमीन यादीत नाही. यादीत नाही ते जगात नाही, हा गेम मास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, जन्मसिद्ध हक्क आहे.

भाव एवढे चढे का, असं कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका. त्याच खेळाच्या १९७८ सालच्या नियमपुस्तकात निदान कारण तरी दिलं होतं: साहसी लोक जिथे लूट आणून ओततात तिथे अलास्कातल्या सोन्याच्या धावपळीसारखी स्थिती होते, तिकडे एक अंडं एका डॉलरला गेलं होतं. कारण सांगितलं की लोक पुढचं विचारतात. मग अंडी विकणाऱ्या बाईचं काय झालं? ती श्रीमंत झाली का? तिची सून आली का गावाहून? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

यादी मात्र खेळाडूंच्या हातात देण्याआधी एकदा वाचा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दहा फुटी शिडी तांब्याच्या पाच नाण्यांना होती आणि दहा फुटी काठी चांदीच्या दोन नाण्यांना, म्हणजे तांब्याच्या वीस. तुमच्या टोळक्यात ज्याच्या बापाचं दुकान आहे, त्याला हे चोवीस पानांतून बरोबर दिसेल. “काय बे, शिडी पाचला अन् काठी वीसला? शंभर शिड्या घे की मग.” शिड्या घ्यायच्या, पायऱ्या काढून सरपणाला विकायच्या, उरल्या दोन-दोन काठ्या. पाचाचे चाळीस. त्या संध्याकाळी अफझलखान राहतो बाजूला आणि गच्चीवर लाकडाची वखार निघते. खरं सांगायचं तर अर्थशास्त्राचा एवढा रंगलेला तास मी कुठल्या वर्गात बसून ऐकलेला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: वस्तूंचे भाव लिहा, मजुरी लिहू नका. तलवार, ढाल, दोर, मशाल, सगळं येऊ द्या. मशाल करणाऱ्याला दिवसाचे काय मिळतात ते येऊ देऊ नका. एकदा का ते आलं की खेळाडू भागाकार करू लागतात.

‘आईन-इ-अकबरी’ हे पुस्तक या बाबतीत फार धोक्याचं आहे. त्यात चाळीस दामांचा रुपया, गहू बारा दाम मण, आणि साध्या मजुराला दिवसाला दोन दाम, असं सगळं लिहून ठेवलंय. त्या वेळचा मण साधारण २५ किलोचा. म्हणजे सहा दिवस राबलं की एक मण गहू. एवढ्या तीन आकड्यांवर आख्खं जग उभं राहतं: घरात खाणारी तोंडं किती, पोराला कामाला लावायचं का, तलवार घ्यायची तर किती महिने उपाशी राहायचं. असला हिशेब गेममध्ये आला तर पोरं फासे टाकायचं विसरतील. ते पुस्तक कपाटातच असू द्या.

त्यापेक्षा रोमन सम्राट डायोक्लिशनचा ३०१ सालचा भावपत्रकाचा हुकूम वापरा. हजाराहून जास्त वस्तू आणि कामं, प्रत्येकाची कमाल किंमत ठरलेली. शेतमजूर जेवून-खाऊन दिवसाला २५ देनारियस, न्हावी डोक्यामागे २, उत्तम सिंह दीड लाख. तुमचा खेळाडू न्हाव्याकडे जाणार नाही, मजूर ठेवणार नाही, तो सिंह मागेल. मजुराने सहा हजार दिवस काम करून येईल तेवढ्याचा सिंह, आणि नाव ठेवेल ‘मोत्या’. हुकूम निघाल्यावर बाजारातून मालच नाहीसा झाला, असं त्या काळच्या लॅक्टॅन्शियस या लेखकाने लिहिलंय. ते वाक्य मात्र वगळा. यादीत भाव आहे आणि दुकानात माल नाही, हा अनुभव रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या घरातल्या पोरांना गेममध्ये नव्याने कशाला द्यायचा?

भाव एकदा लिहिला की बारा महिने तोच. मालदांडी ज्वारी फाल्गुनात खळ्यावर पडलेली असो की आषाढात कणगीच्या तळाला गेलेली, पायलीला एकच दर. पायलीही सगळीकडे सारखी. गिऱ्हाईक कोण आहे यावरूनही भाव बदलू नये. नव्या पेठेत चादर घ्यायला गेलेला माणूस तोंड उघडतो, तेवढ्यात दुकानदाराला कळतं की हा पुण्याचा, हा लग्नाच्या आहेराची घाई असलेला आणि हा आपल्याच गल्लीतला, याला अण्णा म्हणून चहा पाजावा लागणार. हे सगळं गेममध्ये आणलं तर दुकानदाराला तोंड द्यावं लागेल, आवाज काढावा लागेल, आणि तुमच्या ड्रॅगनला बोलायला वेळ उरणार नाही.

१९३० च्या आसपासचं गिरण्यांचं सोलापूर घेतलंत तर नाण्यांपासून दूर राहा. सोळा आण्यांचा रुपया, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२. पोरं मोबाइल काढतील. शिवाय तुळजापूरच्या देवीला निघालेला माणूस वाटेतच निजामाच्या राज्यात शिरायचा. तिथला हाली सिक्का वेगळा, इकडचा कलदार वेगळा, आणि हालीचे सात म्हणजे कलदारचे सहा. नारळ घ्यायच्या आधी त्रैराशिक मांडा. एवढ्यावर एक फसवा सराफ, एक खोटं नाणं आणि सरहद्दीवरचा एक जकातदार मिळून तीन सेशन चालतील, पण तसं केलं तर राक्षस कधी आणणार? त्यापेक्षा १ एप्रिल १९५७ ला आलेला शंभर पैशांचा रुपया सरळ १८५७ मध्ये चालवा. तक्रार करायला कुणी जिवंत नाही.

उधारीचं नाव काढू नका. हा नियम मोडला तर सगळं कोसळतं, कारण आपल्याकडे माणूस गोष्टीत शिरतो तोच डोक्यावर काहीतरी घेऊन: वाण्याचं खातं, सावकाराचं व्याज, बहिणीच्या लग्नाचं. गिरणी कामगाराचं पात्र बनवताना तीन फासे टाकून दहाने गुणायला हरकत नाही, फक्त पुढे वजाचं चिन्ह लावावं लागेल. मग त्याला गढीत का जायचं हे सांगावंही लागणार नाही, तो आधीच पायात चप्पल घालून उभा असेल. इतकं सोपं झालं तर तुमच्या आठ पानी प्रस्तावनेचं काय करायचं?

परदेशी खेळांनीही हा गुन्हा केलेला आहे. १९७७ सालच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये अंतराळयान घ्यायचं तर वीस टक्के आधी भरायचे आणि मग किमतीचा २४० वा भाग दरमहा, असे ४८० महिने. चाळीस वर्षांत एकूण २२० टक्के. त्या खेळातले लोक आकाशगंगेत जातात ते शोध लावायला नव्हे, हप्ता भरायला. ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये तर पत हेच एक कौशल्य आहे, शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत. म्हणजे ‘मामा, लिहून ठेवा’ म्हटल्यावर मामा वही उघडतो की ‘आज रोख उद्या उधार’च्या पाटीकडे बोट दाखवतो, ते फाशावर ठरतं.

देशी उपाय हवाच असेल तर मंगळवेढ्याचा घ्या. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली आणि बिदरच्या दरबारात ती रक्कम विठोबाने वेष पालटून भरली, पावतीसकट, अशी कथा आहे. खेळाडू कफल्लक झाले की विठोबा आणा. पावती मात्र लिहून द्या, नाहीतर पुढच्या सेशनला बादशहा पुन्हा वसुलीला येईल आणि दोष तुमच्या नोंदवहीचा निघेल.

आधुनिक काळातला खेळ तर अगदीच सोपा. ‘गर्प्स’ या अशाच एका खेळाची चौथी आवृत्ती आजच्या काळातल्या पात्राला सुरुवातीला २०,००० डॉलर देते. रुपयांत पंधरा लाखांच्या वर जातात. ते खात्यात कधी येणार, असं विचारणाऱ्याला खेळातून काढा. बारीक अक्षरात असंही लिहिलंय की घरदार असलेल्या माणसाचे ऐंशी टक्के घरातच अडकलेले असतात. तेवढं वाचू नका. विड्यांच्या हजारावर मजुरी घेणाऱ्या आईचा पोरगा, पतसंस्थेत जामीन राहिलेला मामा, बुलेटचा हप्ता, भिशीचा नंबर, हे कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, मावत नाही. तिथे बंदुकीसाठी चार रकाने छापलेले आहेत.

एवढं करूनही खेळाडूंकडे फार पैसा साठलाच, तर शेवटचा इलाज आहे. गेममध्ये ८ नोव्हेंबर २०१६ ची तारीख आणा, रात्रीचे आठ वाजवा आणि पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्याचं जाहीर करा. असं कुठे होतं का, असं कुणीही म्हणणार नाही. त्या दिवशी फक्त पोरांना आधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घाला, बँकेच्या रांगेचा सीन फार लांबतो.