ज्येष्ठमधाचा काढा आणि ‘९० टक्के’ची फोड

सध्या फिरणारा फॉरवर्ड: ‘ज्येष्ठमधाचा अर्क काळे डाग पाडणारं एन्झाइम ९० टक्के रोखतो, लॅबमध्ये सिद्ध! पावडर पाण्यात उकळा, कोरफडीच्या गरात मिसळा, महिनाभर लावा. नैसर्गिक आहे, चाचणी कशाला?’

‘९० टक्के रोखतो.’ किती मात्रेला? मात्रा वाढवत नेली की बरेच अर्क तिथवर पोचतात. विचारायचं ते आयसी-५०: एन्झाइमचं काम निम्म्यावर आणायला दर मिलिलिटरला किती मायक्रोग्रॅम अर्क लागला, आणि त्याच प्लेटवर (चाचणीच्या खळग्यांच्या ताटलीवर) कोजिक अ‍ॅसिड, म्हणजे तुलनेसाठी घेतात तो हे एन्झाइम रोखणारा ओळखीचा पदार्थ, किती लागलं.

‘लॅबमध्ये सिद्ध.’ हे एन्झाइम म्हणजे टायरोसिनेज, आणि चाचणीत ते बहुधा बटण मशरूमचं असतं. पीएच ६.८ च्या फॉस्फेट बफरमध्ये एन्झाइम आणि अर्क दहाएक मिनिटं एकत्र ठेवायचे, मग एल-डोपा (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) घालून तयार होणारा नारिंगी रंगाचा डोपाक्रोम ४७५ नॅनोमीटरला मोजायचा. घोळ होतो तो इथेच. अर्क मुळात तपकिरी असेल तर त्याचाही रंग मोजला जातो आणि चांगला अर्क नापास होतो. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी एन्झाइम न घातलेला एक खळगा लावून त्याचं रीडिंग वजा करतात. उलटा घोळ जास्त फसवा. क जीवनसत्त्वासारखा पदार्थ अर्कात असला तर तो डोपाक्विनोनला (डोपाचा डोपाक्रोम होतानाच्या मधल्या पदार्थाला) परत डोपा करून टाकतो. एन्झाइम चालूच असतं, फक्त रंग उमटत नाही, आणि रिपोर्टात ‘९० टक्के’ छापून येतं. शिवाय मशरूमवर जोरदार चालणारं कोजिक अ‍ॅसिड माणसाच्या टायरोसिनेजवर बरंच मंदावतं.

‘पाण्यात उकळा.’ ज्येष्ठमधातला टायरोसिनेज रोखणारा मुख्य घटक ग्लॅब्रिडिन, आणि तो पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्यासाठी इथेनॉल किंवा इथाइल अ‍ॅसिटेट लागतं. काढ्यात उतरतं ते गोडी देणारं ग्लायसिरायझिन. म्हणजे चाचणी एका अर्काची आणि चेहऱ्यावर भलतंच काही.

‘महिनाभर लावा.’ कोरफडीचा गर ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, वर रोज बोटं बुडणार. वास यायच्या आधीच त्यात जंतू वाढलेले असू शकतात. विकायच्या क्रीममध्ये स्यूडोमोनास, स्टॅफ, ई. कोलाय, कँडिडा आणि अ‍ॅस्परजिलस असे जीवाणू आणि बुरशी मुद्दाम सोडून २८ दिवस मोजणी करतात, ती याचसाठी. घरचा गर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, बस. कापलेलं पान आधी उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्या, तो त्वचेला झोंबतो.

‘नैसर्गिक आहे.’ बिब्बाही नैसर्गिकच! तो उतला की काय होतं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. नवं काहीही कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, रोज दोनदा, ७ ते १० दिवस लावून बघा. अ‍ॅलर्जी अंगात तयार व्हायला वेळ लागतो. पहिल्या रात्री काही झालं नाही, एवढ्यावर चेहऱ्याला लावू नका.