लॅबचं यश मोजायचं तर परत आलेली माणसं मोजा

वर्ष संपलं की प्रत्येक लॅब आपल्या कामगिरीची पोस्ट टाकते. आमचीही पडली. संशोधनाचे पेपर किती छापून आले, कॉन्फरन्समध्ये पोस्टरचं बक्षीस कुणाला मिळालं, कुणाची पीएचडी झाली, नवी ग्रँट कुठली आली, आणि खाली सगळ्यांचा ग्रुप फोटो. फोटोत मीही आहे, नेमके डोळे मिटलेली. पोस्ट मी आवडीने शेअर केली, कारण त्यातल्या एकेका ओळीसाठी कुणाच्या तरी झोपेचं खोबरं झालंय हे मी जवळून बघितलंय.

तरी सांगते. मेंदूच्या म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या लॅबचं सगळ्यात मोठं यश या यादीत कधीच नसतं. मागच्या खेपेला तपासून गेलेली माणसं या खेपेला परत आली का, हे ते यश. त्यातही ज्यांना येणं जिवावर आलं होतं, ती आली का?

समजा पंचविशीतली शंभर आणि पंचाहत्तरीतली शंभर माणसं बोलावली आणि सगळ्यांना त्याच चाचण्या दिल्या. ज्येष्ठ मागे पडणार हे उघड आहे. पण तो फरक वयाचा की काळाचा? त्यांच्या लहानपणी शाळा वेगळी होती, दुखणी वेगळी होती, वेळ लावून परीक्षा द्यायची सवयही वेगळी होती. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत सिएटलला आपल्या पीएचडीसाठी ५०० जणांना तपासलं आणि मग दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा बोलावत राहिले. एका वेळच्या तुलनेत घसरण तरुणपणीच सुरू झालेली दिसायची. त्याच माणसांचा माग ठेवल्यावर चित्र बरंच निवळलं. विचारांचा वेग लवकर मंदावतो खरा, पण बाकीच्या बहुतेक क्षमता सरासरीने साठीच्या आसपासपर्यंत टिकून असतात, आणि शब्दसंग्रह तर त्याच्याही पुढे.

म्हणजे तीच माणसं परत बोलावली की काम झालं? तिथेही दोन खोड्या आहेत. पहिली सरावाची. दुसऱ्यांदा तीच चाचणी दिली की माणूस थोडा सुधारतोच, आणि ती सुधारणा खरी घसरण झाकून टाकते. दुसरी खोडी गळतीची, आणि ही जास्त वाईट. गळतं कोण? ज्यांची तब्येत ढासळली, ज्यांचा जोडीदार गेला, आणि ज्यांना मागच्या वेळी शब्द आठवले नाहीत म्हणून ओशाळल्यासारखं झालं. उरतात ते ठणठणीत. मग त्यांचा आलेख काढायचा आणि म्हणायचं, बघा, म्हातारपणी मेंदू किती छान राहतो! संख्याशास्त्रात गळतीवर उपाय आहेत, मीही ते वापरते. पण प्रत्येक मॉडेल काहीतरी गृहीत धरून चालतं, आणि न आलेला माणूस का आला नाही हेच ठाऊक नसेल तर ते गृहीतक रामभरोसे.

आमच्याकडे हे ठाऊक असतं, कारण एक बाई फोन करतात. हुद्दा समन्वयकाचा, करार दर वर्षी नवा. कुणाचा गुडघा बदललाय, कुणाला मुलगा गाडीने आणून सोडतो, कुणाला सकाळची वेळ चालत नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. एकदा मी शेजारी बसून ऐकत होते. पलीकडून एक आजी म्हणत होत्या, ‘मागच्या वेळी मला काही धड आलंच नाही हो, आता कशाला येऊ?’ बाई म्हणाल्या, ‘धड आलं की नाही ते मला बघताही येत नाही. पण तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही, एवढं मला माहीत आहे.’ यात गोड बोलणं काही नव्हतं. अक्षरशः खरं आहे ते. पाच वर्षांपूर्वीची त्या आजींची मापं फक्त त्यांच्याशीच जोडता येतात. आजी आल्या.

आणि या बाईंचं नाव पेपरात कुठे येतं? शेवटी, आभारात. ग्रँटच्या क्रमांकाच्या मागेपुढे कुठेतरी.

माझा आवडता दाखला स्कॉटलंडचा आहे. १ जून १९३२ रोजी तिथल्या १९२१ साली जन्मलेल्या जवळपास सगळ्या शाळकरी मुलांची एकाच दिवशी बुद्धिमत्ता चाचणी घेतली गेली. ८७,४९८ मुलं. मग त्या नोंदवह्या कित्येक दशकं पडून राहिल्या. १९९० च्या दशकात इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॅली या संशोधकांनी त्या पुन्हा अभ्यासासाठी बाहेर काढल्या, आणि ती अकरा वर्षांची मुलं आता कुठे आहेत याचा शोध सुरू झाला. एडिनबरामध्ये साडेपाचशे जण सापडले, वय ७९ च्या आसपास. त्यांना बसवून तीच जुनी चाचणी पुन्हा दिली. ७९ व्या वर्षी माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातला निम्म्याच्या आसपास फरक अकराव्या वर्षीच दिसत होता.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले होते. कारण ‘अमुक करणाऱ्यांचा मेंदू म्हातारपणी तल्लख असतो’ अशा निम्म्या बातम्यांना यातून सुरुंग लागतो. कोडी सोडवणारे ज्येष्ठ तल्लख असतात, बरोबर. पण ते शाळेतही तल्लख होते आणि म्हणूनच कोड्यांकडे वळले असतील तर? स्कॉटलंडमधल्याच १९३६ साली जन्मलेल्या एका गटावरचा अभ्यास २०१८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. बौद्धिक कामात रमणारे वरच्या पातळीवर होते, पण वयाबरोबर होणारा त्यांचा उतार त्यामुळे कमी तिरपा झालेला दिसला नाही. वरून सुरुवात केली की खाली पोचायला वेळ लागतो, हाही फायदाच म्हणा. पण जाहिरातीत सांगतात तो फायदा हा नव्हे. आणि हे सगळं कळलं ते अकराव्या वर्षी एकदा बसलेली माणसं कित्येक दशकांनी पुन्हा बसायला तयार झाली म्हणून.

आता लॅबमधला नेहमीचा दिवस. सिनेमात दाखवतात तसे चमकणारे मेंदू फार थोडा वेळ दिसतात. बाकी वेळ फॉर्म, संमतिपत्रं, चष्म्याचे नंबर आणि एमआरआय स्कॅनच्या चुंबकामुळे धातूची चौकशी. पेसमेकर आहे का, शरीरात क्लिप, स्क्रू, छर्रा वगैरे आहे का, सुट्या कवळ्या आहेत का. मग श्रवणयंत्र काढायला लावायचं, कारण ते एमआरआयच्या खोलीत चालत नाही. इथे गंमत सुरू होते. माणूस आत झोपलेला, यंत्राचा ठणठणाट चालू, आणि आपण इंटरकॉमवरून सांगतोय, ‘चेहरा दिसला की उजवं बटण दाबा.’ त्यांना ऐकू आलं ‘बटण दाबू नका’. ते बिचारे शिस्तीत गप्प पडून राहतात. डेटात ते काय दिसणार? मेंदूचा प्रतिसाद मंदावलाय! म्हणून सूचना बाहेरच सराव करून घ्यायच्या, आत ठळक अक्षरांत पडद्यावर दाखवायच्या. ही पद्धत कुणा प्राध्यापकाने शोधलेली नाही, आमच्या स्कॅनरवरच्या तंत्रज्ञाने वैतागून सुरू केली.

शब्दांच्या यादीची चाचणी त्याहून अवघड, घेणाऱ्यालासुद्धा. पंधरा शब्द वाचायचे, आठवतील तेवढे म्हणून घ्यायचे, असं पाच वेळा. मग दुसरीच कामं द्यायची आणि अर्ध्या तासाने विचारायचं, मघाची यादी आठवतेय का? बहुतेक जण आठ-दहा शब्द सांगतात, ‘अजून एक होता, जिभेवर आहे’ म्हणतात. पण कधीतरी समोरचा माणूस शांतपणे विचारतो, ‘कुठली यादी?’ शब्द विसरला तर विशेष नाही, यादी झाली होती हेच पुसलं गेलं असेल तर काळजात चर्र होतं. आणि तेव्हा चेहऱ्यावरची रेषाही हलू द्यायची नसते. ‘छान’ म्हणायचं नाही, ‘असू दे’ म्हणायचं नाही. सगळ्यांना सारखाच आवाज, सारखाच चेहरा.

वेळेचंही तसंच. वय वाढलं की बरीचशी माणसं सकाळची होतात. तरुणांचं उलटं. लॅबला मात्र दुपार सोयीची, कारण मदतनीस विद्यार्थी तेव्हा मोकळे असतात. दोन्ही गटांना दुपारी चारला बसवलं की तरुणांना आयतंच झुकतं माप मिळतं. १९९० च्या दशकापासून हे माहीत असूनही अनेक पेपरांत चाचणीची वेळ दिलेलीच नसते. वाचताना शोधा एकदा.

पैशाचं गणित याच्याशी जुळत नाही, ही माझी खरी चिडचिड. ग्रँट तीन ते पाच वर्षांची. मेंदू म्हातारा व्हायला दशकं घेतो. पीएचडीच्या मुलाला चार-पाच वर्षांत पेपर हवा, म्हणून तो एकदाच मोजायचा आणि तरुण-म्हातारे तुलना करायचा अभ्यास निवडतो. त्याला दोष कसा देऊ? दोष द्यायचा तर ‘यंदा नवीन काय?’ एवढंच विचारणाऱ्या समित्यांना द्यायचा. ‘तेच, त्याच माणसांवर, पुन्हा एकदा’ हे उत्तर तिथे चालत नाही. खरं तर यापेक्षा भारी उत्तर या विषयात नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आमच्यात वाद होतात. माणसं परत यावीत असं वाटत असेल तर त्यांना काहीतरी परत द्यायला हवं. प्रत्येक जण निघताना दारात विचारतो, ‘माझं बरं आहे ना?’ आणि नियम सांगतो, ही संशोधनाची चाचणी आहे, निदान नव्हे, म्हणून काही बोलायचं नाही. स्कॅनमध्ये तातडीचं काही दिसलं तर डॉक्टरमार्फत कळवलं जातं, ते ठीक. बाकी गप्प. मला हे गप्प राहणं आता पटत नाही. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई जनुकाची माहिती निरोगी प्रौढांना नीट समुपदेशनासह दिली, तर त्यांची चिंता आणि नैराश्य फारसं वाढत नाही, असं अमेरिकेतल्या रिव्हील अभ्यासात २००९ मध्येच दिसलं होतं. ज्यांना जाणून घ्यायचंय त्यांना विचारा, नको असेल त्यांना सक्ती नाही, आणि सांगणारा माणूस प्रशिक्षित असू दे. आमच्यातले काही म्हणतात, एका दिवसाच्या चाचणीवरून सांगणं धोक्याचं, झोप झाली नसेल तरी गुण घसरतात. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण मग निदान गटाचे निष्कर्ष तरी सोप्या भाषेत घरी पाठवा. माणूस डोकं, रक्त आणि अख्खा दिवस देतो, आणि त्याला मिळतं काय, तर छापील आभारपत्र आणि पार्किंगचे पैसे.

तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणी अशा अभ्यासात असेल तर एक विनंती. ‘आता फार विसरायला लागलेत, त्यांना कशाला न्यायचं’ म्हणून घरचेच परस्पर नाव काढून टाकतात. असं करण्याआधी लॅबला फोन करा. बऱ्याच ठिकाणी घरी येऊन किंवा फोनवर छोटी चाचणी घेतात, कधी घरच्यांना प्रश्न विचारून भागतं. तेही नको असेल तर बिनधास्त नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. फक्त का नको ते सांगा. आमच्या बाई ते कारण लिहून ठेवतात, त्यासाठी वेगळा रकाना आहे, आणि विश्लेषणात मी सगळ्यात आधी तोच उघडते.