पिसं, ग्लू आणि एकशेवीस अंश

मी बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली. जिग-फिक्स्चर हाच माझा धंदा. वस्तू हलू नये आणि माणसाला डोकं चालवावं लागू नये, यासाठी जे करतात त्याला जिग म्हणतात, ही व्याख्या मी कितीतरी ट्रेनी पोरांकडून घोकून घेतली आहे. त्यामुळे लेक तिरंदाजीच्या मैदानावरून येऊन म्हणाली, "बाबा, सर म्हणालेत फ्लेचिंग जिग घ्या," म्हणजे बाणांना पिसं चिकटवायची जिग, तेव्हा मला हसू आलं. मी आणि जिग विकत घेऊ?

आमच्या साताऱ्यात हे तिरंदाजीचं खूळ शिरलं ते २०२३ पासून. त्या ऑगस्टात बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या साताऱ्यात सराव करणाऱ्या दोघांनी कंपाउंडची, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याची, वैयक्तिक सुवर्णपदकं घेतली, आणि इथल्या आईबापांना अबॅकस आणि कथ्थकच्या जोडीला तिसरा क्लास मिळाला. धनुष्य केवढ्याला आलं ते इथे लिहीत नाही. सासूबाई मोबाईलवर सगळं वाचतात.

पण धनुष्य एकदा घेतलं की झालं. बाणांचं तसं नाही. कार्बनच्या शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या दांड्याच्या, शेपटीला प्लास्टिकची तीन पिसं चिकटवलेली असतात, त्यांना वेन म्हणतात. वेन हवेला अडतात म्हणून शेपूट मागे राहतं, बाण स्वतःभोवती फिरतो आणि सरळ जातो. कंपाउंडवाले पन्नास मीटरवर मारतात, तिथे दहाचं वर्तुळ अवघं आठ सेंटिमीटरचं, म्हणजे आपली आमटीची वाटी. पोरीचा नेम बसायला लागला की सगळे बाण त्या वाटीत दाटीवाटीने घुसतात आणि एकमेकांची पिसं सोलून काढतात. नेम चुकत होता तोवर आम्ही सुखात होतो.

पहिल्यांदा मी हातानेच चिकटवलं. लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक, पेन्सिलीच्या तीन खुणा, इन्स्टंट ग्लू. ते बाण बघून सर काही बोलले नाहीत. लेक बोलली. त्यातला एक बाण म्हणे वाटेत कोणीतरी हाक मारल्यासारखा वळला.

मग माझ्यातला टूलरूमवाला जागा झाला. जुन्या दोस्ताच्या लेथवर दोन रविवार घालवून मी जिग बनवली. इंडेक्सिंग प्लेट, एकशेवीस अंशांवर तीन खाचा, स्प्रिंगची पिन, सगळं शतांश मिलिमीटरात. वजन चार किलो. मैदानावर नेली तेव्हा सरांनी दोन्ही हातांनी उचलून पाहिली. म्हणाले, "काका, एक नंबर. यात हेलिकल होतं का?"

होत नव्हतं. वेन शाफ्टवर सरळ रेषेत बसवता येते, किंचित तिरकी बसवता येते, किंवा जिन्याच्या कठड्यासारखी वळवून बसवता येते. ती शेवटची हेलिकल. जितकी वळवाल तितका बाण लवकर फिरू लागतो, पण तितका वेगही खातो. माझी जिग फक्त सरळ. चार किलो सरळपणा.

तिथून बाजार सुरू झाला. कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून बसणाऱ्या पालकांत या विषयावर दोन तट आहेत आणि ते एकमेकांच्या थर्मासमधला चहा पीत नाहीत. पहिला तट बिट्झेनबर्गरचा. ही अमेरिकन, धातूची, आमच्या पिढीला एचएमटीचं घड्याळ तशी. चुंबकावर वेन धरणारा क्लॅम्प बसतो, एक वेन चिकटली की गोल मूठ फिरवायची, कट् आवाज येतो, पुढची वेन. अप्रतिम काम आहे, बघताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि किंमत ऐकल्यावर ते तिथेच थांबलं. शिवाय वेन एका वेळी एकच. डझनभर बाणांना छत्तीस. इन्स्टंट ग्लूने मिनिटाला एक धरली तरी अर्ध्या तासाच्या वर. आणि सरांचा तो सावकाश सुकणारा ग्लू वापरून प्रत्येकीला दहा मिनिटं दिली तर सहा तास. सहा तासांत माणूस सातारा-पुणे जाऊन, जेवून, परत येतो.

त्यात क्लॅम्प वेगवेगळे. सरळ, उजवा हेलिकल, डावा हेलिकल. खरी टर्कीची पिसं लावणाऱ्यांचं तर आणखी अवघड. पक्ष्याच्या डाव्या पंखाचं पीस मुळातच एका बाजूला वळलेलं, उजव्याचं दुसऱ्या. एका बाणावर दोन्ही पंखांची पिसं मिसळायची नाहीत, आणि क्लॅम्पही पंखाप्रमाणेच. प्लास्टिकला पंखाचा पाश नाही म्हणून मी सुटलो म्हणावं, तर सर म्हणाले, आधी बिनपिसांचा बाण जवळून मारा, तो आपणहून कुठे फिरतो ते बघा, मग त्याच बाजूचा क्लॅम्प घ्या. म्हणजे घरात आता बाणाच्याही कलाने घ्यायचं. आमचा बाण डावीकडे फिरला. दुकानात डावा क्लॅम्प नव्हता.

दुसरा तट तीन हातांच्या प्लास्टिक जिगचा. तीन हातांत तीन वेन खोचा, ग्लूची रेघ ओढा, मधे बाण उभा करा, हात मिटा. एका बाणाच्या तिन्ही एकदम! डावी हेलिकल मिळते, वजन पापडाएवढं. एकावेळी सहा बाण लावणारीही जिग असते, पण ती बघून बायको म्हणाली, "अहो, घरात दुकान थाटायचंय का?" मी तीन हातवाली मागवली. चार वेनवाली जरा महाग होती. चार कशाला लागतात?

पहिल्या रात्री शाफ्ट अ‍ॅसिटोनने पुसले, पेपर अंथरला. वेगळ्या रंगाची वेन नॉकच्या, म्हणजे शेपटीला दोरी अडकते त्या टोपणाच्या, खाचेच्या हिशोबाने बसवायची असते. इंग्रजीत तिला कोंबडा म्हणतात आणि उरलेल्या दोघींना कोंबड्या. चौथ्या बाणापर्यंत माझा कोंबडा नियमाने कोंबडीच्या जागी बसत होता. पाचव्याला ग्लू जास्त झाला. हात मिटले, मिनिटभर दाबून धरले, उघडायला गेलो तर जिग, बाण आणि माझी दोन बोटं एकजीव.

नंदिनी गायीवर झेपावलेल्या सिंहाला मारायला दिलीप राजाने भात्याकडे हात नेला, तेव्हा त्याची बोटं बाणाच्या पिसाऱ्यालाच चिकटून राहिली आणि तो चित्रासारखा उभा राहिला, अशी गोष्ट आहे. शाळेत आम्हाला तो शंकराच्या सिंहाचा प्रभाव म्हणून शिकवला. मी मात्र तेव्हापासून वेगळा विचार करतो आहे. राजाही घरीच पिसं लावत असणार. बायकोने नेलपॉलिश रिमूव्हर आणेपर्यंत मीही चित्रासारखाच उभा होतो.

पण बाण झाले. पुढच्या रात्री बारा, मग आणखी सहा. सगळ्या वेन एकसारख्या वळलेल्या, टेबलावर गरगर फिरवून पाहिलं तर एकही डगमगला नाही. रविवारी लेकीने पन्नास मीटरवर सहा बाण मारले, पाच वाटीत, एक वाटीच्या काठाला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सर दुर्बिणीतून बघत माझ्याकडे आले.

"काका, ग्रुप मस्त आहे," ते म्हणाले. "आता आपण हिला चार वेनवर नेऊ."

संध्याकाळी चार किलोची जिग माळ्यावरून खाली काढली. प्लेटवर नव्वद अंशांच्या नव्या खाचा पाडायला लेथवाला दोस्त गुरुवारी मोकळा आहे.