प्रलयानंतरही कचरा मीच उचलायचा का?

गेम पॉज होत नाही, हे आईला कुठल्या शब्दांत सांगायचं ते कुणाला जमलं असेल तर सांगा. नाहीतर राहू द्या. आता उपयोग काय, स्क्रू तर गेले.

रविवारची सकाळ. आठवड्यातली एकच सकाळ अशी, की जिच्यावर ऑफिसचा हक्क नाही. दार ओढून, चहाचा कप शेजारी ठेवून फॉलआउट ७६ हा ऑनलाइन गेम उघडला होता. एका पडक्या ऑफिसातले टेबलफॅन आणि पोरांच्या खेळण्यातल्या मोटारी गोळा करून करून गेममधल्या माझ्या त्या बिचाऱ्या गड्याच्या पाठीवर डोंगर झाला होता. कशाला गोळा केल्या? त्यातून स्क्रू निघतात म्हणून. स्क्रू कशाला? ज्यांनी खेळलंय ते विचारणार नाहीत, ज्यांनी नाही खेळलं त्यांनी सुखात राहावं. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कचरा गाडीचं गाणं वाजलं.

"अरे, गाडी आली! ओला-सुका दोन्ही ने खाली. आणि संपलेल्या सेलची पिशवी वेगळी बांधलीय, ती सुक्यात कोंबू नकोस!"

"आई, पाच मिनिटं."

"गाडी थांबणारे का पाच मिनिटं? ते तुझं थांबव नं. पॉज कर काय ते."

पॉज कर काय ते! सगळ्या घरात या एका इंग्रजी शब्दावर सगळ्यांची श्रद्धा आहे. आजीसुद्धा म्हणते. ऑनलाइन आहे, माझ्याबरोबर अजून पंधरा-वीस माणसं त्याच जगात फिरताहेत, त्यांना काय सांगू, थांबा जरा, लोकमान्य नगरात कचरा गाडी आलीय? पण वाद घालायला वेळ नव्हता. गड्याला एका कपाटामागे खाली बसवला, आणि दोन बादल्या, एक पिशवी घेऊन जिना उतरलो.

आता इंदूरची गाडी म्हणजे काय, ते इंदूरकरांना सांगायला नको. २०१७पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेऊन बसलेलं शहर. इथे कचरा नुसता टाकता येत नाही, आधी मुलाखत होते. गाडीवाल्या भियाने सुक्याची बादली तिरकी केली, आत डोकावला, आणि अत्यंत प्रेमाने विचारलं, "भिया, ये आम की गुठली सूखे में कैसे?" मी कोय काढून ओल्यात टाकली. तोवर समोरच्या काकू आल्या. माझी नोकरी, माझा पगार, माझं लग्न, या क्रमाने चौकशी झाली. एकही प्रश्न पॉज झाला नाही.

वर येऊन बघतो तर गडी मरून पडलेला.

कपाटामागे! कुणाच्या अध्यात ना मध्यात! कुठून तरी ते सडक्या तोंडाचे घूल आले आणि बसल्या जागी त्याचा चिवडा करून गेले. आणि या गेमचा न्याय असा, की मेल्यावर बंदूक राहते, कपडे राहतात, गोळ्या राहतात, फक्त जंक, म्हणजे गोळा केलेलं भंगार, तेवढं खाली सांडतं. म्हणजे नेमकं ज्यासाठी सकाळ घातली ते. एका पिशवीत पडून राहतं, जाऊन उचलायचं. ठीक आहे. गेलो. धावत गेलो. पिशवी नकाशावर दिसतेय, मधे एक टेकडी आणि एक नाला. टेकडी चढलो. नाला आला.

आणि लाइट गेली.

मेंटेनन्स! रविवारी सकाळी! सगळं शहर घरात बसलेलं असताना ज्याला तारांची आठवण होते, त्या माणसाला मला एकदा बघायचंय. बरं, घरात इन्व्हर्टर आहे. पंखा चालू, ट्यूब चालू, देवघरातला झिरोचा बल्ब चालू. राउटर बंद. कारण वायरिंग करताना वायरमनने विचारलं होतं, कुठले पॉइंट इन्व्हर्टरवर घेऊ, आणि तेव्हा घरच्या मोठ्यांनी ठरवलं की राउटर ही चैन आहे. देवाला उजेड, मला अंधार. लाइट आल्यावर परत आत गेलो, तर गेमने मला दुसऱ्याच सर्व्हरवर, दुसऱ्याच जगात नेऊन सोडलं. तीच टेकडी, तोच नाला. पिशवी नाही. कशी असेल, ती त्या जगात राहिली. मी नाल्यात उभा, आणि काठावरून एक दोन तोंडांची गाय माझ्याकडे बघत होती. दोन्ही तोंडांनी.

हा गेम सुचवला कुणी? आमच्या पुण्याच्या आतेभावाने. "खेळ रे, डोकं शांत होतं." हाच दादा दर उन्हाळ्यात येतो, पोह्यांवर शेव आणि जिरावण बघून नाक मुरडतो, आणि मग तीन प्लेटा खातो. याच्या सल्ल्याने आजवर माझं काही भलं झालेलं नाही. इंजिनीअरिंगची ब्रँचसुद्धा त्यानेच सुचवली होती.

मला वाटलं होतं, जग संपल्यावरचा गेम आहे. २३ ऑक्टोबर २०७७ला बॉम्ब पडले, माणसं पंचवीस वर्षं व्हॉल्ट ७६ नावाच्या बंकरमध्ये बंद राहिली, २१०२मध्ये दार उघडलं, आणि बाहेर वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर. वा! आता बॉस नाही, ईएमआय नाही, ग्रुपवर गुड मॉर्निंग नाही. बंदूक घ्यायची आणि चालू लागायचं. चालू लागलो. आणि पहिल्या तासाभरात मी काय केलं? लाकडं तोडली. घाण पाणी भरलं. ते उकळलं. मांस शिजवलं. जे शिजवायचं राहिलं ते बॅगेत सडलं. बंदूक मोडली, ती दुरुस्त करायला सामान नाही, म्हणून सामान शोधत फिरलो. अरे, याच्यासाठी ग्राफिक कार्ड घेतलं मी? ही सगळी कामं आई फुकटात सांगते.

आणि ते वजन. गडी पेलून पेलून दीडशे-पावणेदोनशे पौंड पेलतो. त्याच्यावर एक टेबलफॅन जास्त झाला की धावायचं नाव नाही, चार पावलं पळाला की धाप. फास्ट ट्रॅव्हल बंद. म्हणजे अर्ध्या राज्यावरून चालत घरी. घरी पेटी आहे, पण तिलाही मर्यादा. सुरुवातीला म्हणे ४०० पौंडांची होती, लोक बोंबलले तेव्हा वाढवत वाढवत १२००वर नेली. अमर्याद पेटी आहेच की, पण ती फॉलआउट फर्स्टची वर्गणी भरणाऱ्यांना. ऑक्टोबर २०१९पासून महिन्याला १२.९९ डॉलर, वर्षाचे ९९.९९. भंगार ठेवायला! आमच्या गल्लीतला भंगारवाला रद्दी, तपेली, मोडका कूलर घेतो आणि वर आपल्याच हातात पैसे टेकवतो. इथे भंगार माझं, हमाली माझी, आणि भाडंही मीच भरायचं.

पैशाचं तर बोलूच नका. आधी वाटलं बाटलीची झाकणं चालतात, चला, गंमत आहे. मग कळलं स्क्रिप वेगळी. बुलियन वेगळं. स्टॅम्प वेगळे. ॲटम वेगळे, ते खऱ्या पैशांनी. संस्कृती बुडाली, सरकार बुडालं, शाळा-कॉलेजं बुडाली, चलनं तेवढी पाच उरली. आणि काहींवर रोजची मर्यादासुद्धा! जग संपलं तरी खिडकीवरचा माणूस सांगणार, आजचा कोटा झाला, उद्या या.

२०१८च्या नोव्हेंबरात हा गेम आला तेव्हा त्यात बोलायला एकही जिवंत माणूस नव्हता, नुसत्या टेपा आणि चिठ्ठ्या. लोकांनी आकाशपाताळ एक केलं. गेमच्या दोनशे डॉलरच्या खास आवृत्तीत कॅनव्हासची बॅग देऊ म्हणाले आणि नायलॉनची दिली, त्यावरून वेगळा राडा. ती बॅग मी घेतलेली नाही, तरी राग येतो तो येतोच. मग एप्रिल २०२०मध्ये माणसं घातली. आता ती माणसं भेटतात आणि भेटल्या भेटल्या काम सांगतात. तिकडून अमुक आण. ते तमक्याला नेऊन दे. एकाने तरी "बस, पाणी घे" म्हणावं! मेलेल्या माणसांच्या टेपा परवडल्या. व्हॉल्टची प्रमुख, ती ओव्हरसीअर बाई, मरमर बोलत राहते, पण निदान किराणा आणायला पाठवत नाही. नाही, तीही पाठवते.

तरी ही गेममधली माणसं. खरी माणसं त्याहून भारी. माइक उघडा ठेवून खेळणारे जे कुणी आहेत, त्यांच्यासाठी मी एक वेगळा व्हॉल्ट बांधणार आहे आणि बाहेरून कडी लावणार आहे. मी अंधाऱ्या खाणीत जीव मुठीत धरून उतरतोय आणि कानात कुणाच्या तरी घरचा कुकर शिट्ट्या देतोय. कुणी नुसता श्वास घेतं. अर्धा तास. अरे बाबा, डॉक्टरला दाखव.

आणि ते दानशूर! लेव्हल सहाशेच्या वरचा एक जण, अंगावर लोखंडी चिलखत, रॉकेटसारखा माझ्यासमोर येऊन उतरला. मला वाटलं संपलं. तर त्याने हात हलवला, अंगठा दाखवला, एक कागदी पिशवी खाली टाकली आणि नाचला. पिशवीत औषधं, पाणी, आणि एक तोफ. ती चालवायला माझी लेव्हल पुरत नाही, पण वजन मात्र तिचं पुरेपूर. तो बघतोय म्हणून टाकूनही देता येईना. घेतली. जागच्या जागी खिळलो. तो भला माणूस उडून गेला, आणि मी कुणाच्या तरी मेहेरबानीचं ओझं घेऊन गोगलगायीच्या चालीने निघालो. माझ्या आयुष्यात कुणी चांगलं वागलं की नेमकं असंच होतं.

बरं, दिसायला गेम सुंदर आहे, हेही मला आवडलेलं नाही. मनासारखा राग काढू देत नाही. डोंगर सगळे तांबूस-पिवळे, सकाळी दरीत धुकं. व्हाइटस्प्रिंग नावाचं पांढरंशुभ्र हॉटेल आहे, ते खऱ्या ग्रीनब्रायर हॉटेलवरून घेतलंय. त्या खऱ्या हॉटेलाखाली अमेरिकेने आपल्या संसदेसाठी गुपचूप बंकर बांधून ठेवला होता, १९९२मध्ये वर्तमानपत्राने ते फोडलं. म्हणजे प्रलयाची सोय त्यांनी खरोखरच करून ठेवलेली. आमच्याकडे कसली सोय? आमचा राजवाडा तीनदा जळला, शेवटचा १९८४मध्ये, आणि परत उभा राहिला. बॉम्ब पडले तरी सराफ्यात रात्री दहाला खाण्याची दुकानं लागतील, आणि दोन तोंडांची माणसं तळलेला गराडू कंद खायला दोनदा रांगेत उभी राहतील. पार्किंग तेव्हाही मिळणार नाही. बसची वेगळी लेन, ती बीआरटीएस, बांधताना रस्ता खणला, काढताना परत खणला. एबी रोडवरून रोज जाणाऱ्याला पडीक जग बघायला एवढं डाउनलोड कशाला हवं होतं?

दुपारी जेवताना मी हे सगळं तावातावाने सांगत होतो. म्हणजे स्क्रू, टेबलफॅन, पिशवी, सगळं. बाबा शांतपणे वरण-भात कालवत होते. जेवण झाल्यावर उठले, माळ्यावरून जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. उघडला तर आत स्क्रू. सगळ्या मापांचे. बंद पडलेल्या मिक्सरचे, आजोबांच्या रेडिओचे, मी लहानपणी मोडलेल्या सायकलचे. शिवाय वायरचे तुकडे, दोन रेग्युलेटर, चिकटपट्टीचा अर्धा रोल. "कुठल्या मापाचा पाहिजे?" म्हणाले.

या डब्यावरून मी आयुष्यभर बाबांची थट्टा केलीय. दिवाळीच्या सफाईत दरवर्षी आई आणि मी संगनमताने तो फेकायला काढतो, आणि ते दरवर्षी तो परत वर नेऊन ठेवतात. आणि आता मी, एमटेक, रविवारची सकाळ घालवून, संगणकावरचे खोटे स्क्रू गेले म्हणून पोळीचा घास हातात धरून भाषण ठोकतोय. बॉम्ब पडले तर आमच्या घरात जगतील ते बाबाच. मी कपाटामागे मरून पडलेला असेन.

राग तिथेच संपायचा. पण संध्याकाळी परत आत गेलो. एका ओढ्याच्या काठी बघून-बघून जागा निवडली होती, पाण्याची सोय, सपाट जमीन, चार भिंती, एक पलंग, अंगणात मका लावलेला. तर गेम म्हणतो, तुमचा कॅम्प इथे लावता येणार नाही, जागेवर दुसऱ्या कुणाचा आहे. दुसऱ्या कुणाचा! जाऊन बघितलं. माझ्या ओढ्यावर तीन मजली बंगला, दारात रंगीत दिवे, वर फिरतं चाक, आणि बाहेर दुकान मांडलेलं. दुकानात काय, तर स्क्रू. झाकणं देऊन विकत. आणि मला म्हणे, घर उचला आणि दुसरीकडे फुकटात मांडा, नाहीतर जग बदला आणि नशीब आजमावा.

तेवढ्यात बाबा चष्मा शोधत खोलीत आले आणि स्क्रीनसमोर थबकले. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण एका गृहनिर्माण सोसायटीच्या प्लॉटसाठी पैसे भरून त्यांच्या डोक्यावरचे केस गेलेत. दोन मिनिटं बंगल्याकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"रजिस्ट्री कुणाच्या नावावर आहे?"