माझा नंबर पाच

गजर होतो, मी उठून बसते, चादर बाजूला सारते आणि पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून थोडा वेळ नुसतीच बसून राहते. घरच्यांना बरेच दिवस वाटत होतं, ही हल्ली ध्यान करते. मी जमिनीकडे बघत असते. ती खाली आहे, आणि मला तिच्यावर टाच टेकवायची आहे.

टाच टेकली की आतून कुणीतरी खिळा ठोकतं. मग भिंत धरून, पावलाच्या बाहेरच्या कडेवर तोल सांभाळत, मी बाथरूमपर्यंत पोचते. ‘तळपायाची आग मस्तकात जाणे’ हा वाक्प्रचार ज्याने पहिल्यांदा वापरला तो मुळीच रागावलेला नव्हता, त्याची टाच दुखत होती, अशी माझी आता खात्री आहे. त्यातही वाईट भाग असा की वीस-पंचवीस पावलं चाललं की दुखणं बरंच उतरतं. त्यामुळे बाकीचे उठून बघेपर्यंत मी ठणठणीत. “अगं, आत्ता तर नीट चालत होतीस!” हे नवऱ्याचं वाक्य मी दोन महिने ऐकलं.

या दोन महिन्यांत सल्ल्यांना तोटा नव्हता. एकीने सांगितलं, अनवाणी चाल. दुसरीने बजावलं, अनवाणी पाऊल टाकू नकोस. मी दिवसाआड दोन्ही केलं. मुलीने मोबाइलवर वाचून पाय ओला करून कागदावर उभं राहायला लावलं. ठशावरून म्हणे तळपायाची कमान कळते. ठसा मिळालाच नाही, कारण वर्तमानपत्राचं अर्धं पान टाचेला चिकटून माझ्याबरोबर आलं.

शेवटी डॉक्टर. त्यांनी टाचेच्या आतल्या बाजूला नेमक्या एका जागी अंगठा दाबला, मी किंचाळले, ते समाधानाने म्हणाले, “प्लांटर फॅसायटिस.” मला तो कुंडीतल्या झाडाला होणारा रोग वाटला. तर तसं नाही. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, कमान तोलून धरणारा. त्याच्यावर ताण पडत राहिला की तो टाचेपाशी कुरकुरायला लागतो. रात्रभर आपण आडवे, तो आखडलेला. सकाळी पहिल्याच पावलाला त्याला ताणून उठवायचं, म्हणजे तो ओरडणारच. (या बाबतीत तो माझ्या मुलीवर गेला आहे.) पोटऱ्या ताणण्याचे व्यायाम सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “रोज फिरायला जाता ते बूट कुठे आहेत?”

बूट पायांतच होते. डॉक्टरांनी एक हातात घेतला, टाच आणि चवडा दोन मुठींत धरून ओलं फडकं पिळावं तसा पिळला. तो पिळला गेला. मग वाकवला, तर बरोबर मधोमध घडी पडली. बूट चवड्यापाशी वाकायला हवा, जिथे आपली बोटं वाकतात तिथे. माझा पोटातून दुमडला. मग टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबली, तीही मुकाट्याने आत गेली. “किती चाललात यात?” त्यांनी विचारलं. पळायचा बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर साथ देतो म्हणे, मग वरून धडधाकट दिसला तरी आतला फोम बसलेला असतो. मी मनात हिशेब केला आणि आकडा सांगितला नाही.

“आणि हे तुम्हाला लहान होतात,” ते म्हणाले.

इथे मात्र मी दुखावले. “माझा नंबर पाच आहे,” मी म्हणाले. रक्तगट सांगावा तशी म्हणाले.

याला इतिहास आहे. अठराव्या वर्षी दुकानात माझ्या पायांत पाच नंबरचे बूट घातले गेले तेव्हा शेजारी बसलेली आत्या म्हणाली होती, “पाऊल किती नाजूक गं हिचं!” आमच्या आत्याने आयुष्यात कुणाचं केलेलं हे एकमेव कौतुक. त्यानंतर माझं वजन बदललं, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, ब्लाउजची मापं तर विचारूच नका. पण बुटाचा नंबर पाच तो पाचच राहिला. करंगळीवर भोवरी झाली, अंगठ्याचं नख काळं पडलं, तरी दोष बुटाचा. “वापरून सैल होतील,” असं मी पंचवीस वर्षं स्वतःला सांगत आले. झाले नाहीत. सैल माझा पाय होत होता.

कारण वाढत्या वयात पायातले अस्थिबंध सैलावतात, पाऊल थोडं लांबतं, थोडं पसरतं. बाळंतपणानंतर तर अनेकींचं पाऊल कायमचं वाढतं. एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे. एवढी मंडळी एकत्र नांदणार म्हटल्यावर थोडं बांधकाम वाढणारच.

दुकानात संध्याकाळी गेले, कारण दिवसभराने पाय सुजून मोठे झालेले असतात आणि बूट त्या पायांना व्हायला हवेत. तिथल्या मुलाने मला मापाच्या पट्टीवर उभं केलं. बसून मापलेलं पाऊल खोटं बोलतं, अंगावर भार पडला की ते खरं कबूल करतं. उजवं सहा, डावं साडेसहा. “बूट मोठ्या पायाचा घ्यायचा, आणि सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडायची,” तो म्हणाला. सगळ्यांत लांब बोट माझ्या बाबतीत अंगठा नसून त्याच्या शेजारचं निघालं. “मॅडम, सात.”

ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक जव, जवाच्या दाण्याची लांबी, इंचाचा तिसरा हिस्सा. म्हणजे मी फक्त दोन जव चुकले होते. असं म्हटलं की बरं वाटतं. सात म्हटलं की वाटत नाही.

बुटांबरोबर आधाराचे इनसोलही, म्हणजे बुटात तळव्याखाली घालायचे तळ, घेतले. हाताला लोण्यासारखे मऊ लागणारे मला फार आवडले होते. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की मऊ म्हणजे आधार नव्हे, कमानीखाली दाबून न दबणारे घ्या, आणि आधी तयारच घ्या, मापाने बनवून घ्यायची घाई नको. घरी येऊन ते बुटात सरकवले आणि पाय घातला. टाच वर, बोटं छताला, बूट पुन्हा पाच नंबरचा झालेला. “आई, आतलं आधी काढायचं असतं,” मुलगी म्हणाली. आतलं जुनं इनसोल गोंदाचा चर्रर्र आवाज करत निघालं. आता ते नव्यावर ठेवून पेन्सिलीने आखायचं आणि फक्त बोटांकडून कापायचं. डावं झकास कापलं. उजव्यासाठीही नजरचुकीने डावंच इनसोल ठेवून आखलं. माझ्याकडे दोन डावे पाय तयार झाले.

दुसरा जोड आणला. पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू वेळ वाढवायचा, असं पाकिटावर होतं. मी सकाळी घातले ते रात्री काढले. तळव्याखाली चेंडू घेऊन झोपल्यासारखं वाटत होतं. तेव्हा कुठे पाकीट नीट वाचलं.

याला आता अडीच महिने झाले. पोटऱ्या रोज ताणते. वरच्या जादा भोकातून लेस ओवून टाच बांधून ठेवायची युक्ती मुलीने शिकवली, तीही करते. सकाळचा खिळा आता टाचणीवर आला आहे. मी पलंगाच्या कडेला बसून राहत नाही; नवऱ्याने परवा काळजीने विचारलं, “ध्यान सोडलंस का?”

परवा आत्या येऊन गेली. दारातले बूट बघून म्हणाली, “केवढे हे! कुणाचे गं?”

“ह्यांचे,” मी म्हणाले, आणि ती गेल्यावर कपाटावरचा बुटांचा खोका फिरवून ठेवला. सातचा आकडा आता भिंतीकडे आहे.