काचेचा दर्शनी भाग म्हणजे नुसता नवा चेहरा नव्हे

जुन्या कार्यालयीन इमारतीला आधुनिक रूप देण्यासाठी एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो : समोरून चार मीटर खोलीचा काचेचा भाग जोडा, काच हलकी असल्याने पायाची चिंता नाही, आत उजेड वाढेल आणि विजेचे बिल उतरेल. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

आधी वजन. काचेचे वजन मिलिमीटरभर जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो भरते, म्हणजे सहा-सहा मिलिमीटरच्या दुहेरी काचेचे ३० किलो. पण खरा भार असतो तो नव्या स्लॅबचा, त्यावरच्या माणसांचा आणि काचेवर आदळणाऱ्या वाऱ्याचा. जुनी इमारत आपल्या पायावर केव्हाच स्थिरावलेली असते, नवा पाया मात्र बांधकामानंतर थोडाफार खचतोच. म्हणून दोन्ही स्लॅब एकमेकांत न गुंतवता मध्ये सांधा मोकळा ठेवावा लागतो. तो न ठेवता वरून सलग फरशी बसवली, तर जुन्या भिंतीच्या रेषेत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ भेग उमटते आणि कितीही वेळा बुजवली तरी पुन्हा उघडते. माझ्या मते या कामाचे यश याच सांध्यावर ठरते, आणि दर्शनी बाजूच्या देखण्या चित्रात तो कुठेच दिसत नाही.

उजेडाचा दावा तर उलटाच आहे. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड पोहोचतो, कड २.७ मीटरवर असेल तर जेमतेम सहा मीटर. समोर चार मीटर वाढवले, की काल खिडकीपासून तीन मीटरवर असलेले टेबल आज सात मीटर आत जाते. जुन्या आणि नव्या भागामध्ये छतातून उजेड घेणारी पट्टी सोडली, तरच ही भरपाई होऊ शकते.

विजेचे म्हणाल, तर साध्या दुहेरी काचेतून २३० मिलिमीटरच्या गिलावा केलेल्या विटांच्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता वाहते, शिवाय ऊन थेट आत येते. आतले पडदे ते उशिरा अडवतात. छाया बाहेरूनच हवी.

आगीबद्दल हा सल्ला अवाक्षरही काढत नाही. स्लॅबची कड आणि काच यांमधली फट प्रत्येक मजल्यावर रॉकवूलसारख्या न जळणाऱ्या साहित्याने घट्ट बंद केली नाही, तर खालच्या मजल्यावरचा धूर त्याच फटीतून वर चढतो.