पेठेला कमान नको, आधी रस्ता खाली आणा

बाजारपेठेच्या 'सुशोभीकरणा'ची चर्चा पुन्हा सुरू झालीय. तोंडाशी कमान, चौकात कारंजं, विजेच्या खांबांना एलईडीच्या पट्ट्या. काम मंजूर झालं की श्रेयाचे फ्लेक्स लागतीलच, तेही त्याच खांबांवर.

मंडळी, आपल्या पेठेची रया दिव्यांवाचून गेलेली नाही. ती रस्त्याच्या उंचीनं गेलीय.

जुन्या कापडदुकानांपुढं उभं राहून बघा. ओट्यावर चढायला पूर्वी तीन पायऱ्या होत्या. आता एक उरलीय, आणि देवळाशेजारच्या दोन दुकानांत तर पायरी उतरून आत जावं लागतं. दुकानं खचलेली नाहीत, रस्ता चढलाय. निवडणूक आली की जुन्या डांबरावर नवा थर. खरं तर आधीचा थर खरवडून काढायचा असतो, त्याची यंत्रं असतात. पण खरवडलेलं कुणाला दिसत नाही, नवा थर मात्र फोटोत काळाभोर येतो.

मग पावसाचं पाणी दुकानात शिरतं. दुकानदार दारात सिमेंटचा उंबरा घालतो, गटारावर फरशी टाकतो, वर मोटारसायकल चढवायला उतार करतो. शेजारचाही तेच करतो. अख्खी ओळ अशी बुजली की गटार साफ करायचं कुठून? सफाईवाले सापडेल त्या फटीतून गाळ उपसतात आणि कडेला ढीग लावून जातात. उचलायची गाडी यायच्या आत पहिली सर येते आणि ढीग परत गटारात. यावर एलईडी लावली तर दिसणार काय? गटारच, फक्त रंगीत.

आता मान वर करा. पेंटरनं रंगवलेल्या पाट्या गेल्या आणि कंपन्यांचे फुकटचे बोर्ड आले. सिमकार्डवाल्याचं नाव दोन फुटी, दुकानाचं कोपऱ्यात. दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, शिवाय मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. आपल्याकडं त्यावर तोडगा निघाला: त्याच बोर्डावर मराठी स्टिकर. पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे कोपरे वळले.

फ्लेक्सबद्दल तर बोलायलाच नको. शहरं विद्रूप करण्याविरुद्धचा राज्याचा कायदा 1995 चा. बेकायदा फलकांविरुद्धच्या साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर उच्च न्यायालयाचा निकाल आला जानेवारी 2017 मध्ये. तरी चौकातला वाढदिवस महिनाभर चालतो.

एक गोष्ट मात्र ठरलेली. सुशोभीकरण म्हटलं की पहिली गदा भाजीवाल्या मावश्यांवर. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात स्पष्ट आहे, सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि शहर विक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच हवेत. काही दुकानदारांना मावश्या घाण वाटतात. मला नाही वाटत. आठवडी बाजारादिवशी घेवडा घ्यायला आलेलं गिऱ्हाईकच जाता जाता ब्लाऊजपीस घेऊन जातं. मावश्या उठल्या तर पेठ स्वच्छ दिसेल, हे खरं. दुपारी एकला दिसते तशी, सुनसान. त्यांना बसायला आखून जागा द्या, प्यायचं पाणी द्या आणि जवळपास बायकांसाठी मुतारी द्या. ती आजही नाही. दुकानात काम करणाऱ्या मुलींनाही नाही. कारंज्याच्या आराखड्यात हे कुठं बसतं, कुणी सांगेल का?

माझं म्हणणं एवढंच. डांबर टाकण्याआधी जुनं खरवडायचं, आणि रस्त्याची पातळी किती ठेवायची ते निविदेतच लिहायचं. गटारावर उचलता येतील अशी झाकणं. त्यासाठी दुकानदारांना पुढचे उतार फोडावे लागतील. लागू देत. त्यानंतर पैसे उरलेच तर खुशाल कमान उभारा.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. कामाचं अंदाजपत्रक मागतोय, त्यात खरवडण्याची बाब धरलीय का ते बघायला. सोमवारी अकराला अर्ज द्यायला जातोय. पेठेतलं कुणी सोबत येणार असेल तर कळवा, दोन-चार सह्या जास्त असलेल्या बऱ्या.